भिंत एक, नावे अनेक

गेल्या वर्षी आमच्या सत्र परीक्षेत दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदावर दहा गुणांचा प्रश्न होता. मी तो मोठ्या उत्साहाने सोडविला. १९५० साली तेथील सरकारने लोकसंख्या नोंदणीचा कायदा करून प्रत्येक माणसावर वंशाचा शिक्का मारला, त्याच वर्षी गटवार वसाहतींचा कायदा करून कोणी कोठे राहावे हेही ठरवून टाकले, आणि हे दोन्ही कायदे रद्द व्हायला १९९१ साल उजाडावे लागले, हे सारे मी लिहिले. शेवटी 'मानवतेला काळिमा' असे एक वाक्यही ठोकून दिले. गुण चांगले पडले.

परीक्षा संपवून मी गावी गेलो. सुगीचे दिवस होते. आमच्या शेतावर कामाला येणारे मामा (मी त्यांना लहानपणापासून मामाच म्हणतो) सकाळी सोप्याच्या पायरीशी येऊन उभे राहिले. मी चहा घेऊन बाहेर जाऊ लागलो, तोच आज्जी आतून म्हणाली, "ती कपबशी नको रे. त्यांची तिकडं कोनाड्यात हाय की." कोनाड्यात एक कपबशी पालथी घातलेली होती. ती माझ्या जन्माच्या आधीपासून तेथे असावी. मी ती शेकडो वेळा पाहिली होती; परंतु दहा गुणांचे उत्तर लिहिताना ती मला एकदाही आठवली नाही.

असे का व्हावे? आपण जे शिकतो ते जोहान्सबर्गला लागू पडते आणि आपल्या कोनाड्याला लागू पडत नाही, असे का? ह्या प्रश्नाने मला सुटीनंतर ग्रंथालयात नेऊन बसविले. तेथे जे सापडले ते आणि त्यावरून माझे जे मत बनले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

एक शब्द आणि अनेक कपाटे

इंग्रजीत 'सेग्रिगेशन' हा एकच शब्द आहे. तो आपल्या ग्रंथालयाच्या जवळजवळ प्रत्येक कपाटात आढळतो. मात्र प्रत्येक कपाटात त्याचा वेष वेगळा असतो.

जीवशास्त्राच्या कपाटात तो मेंडेलच्या नावाने नांदतो. १८६५ साली मेंडेलने वाटाण्याच्या रोपांवरील आपले प्रयोग सांगितले. उंच आणि खुजी रोपे यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळी उंच. पण दुसऱ्या पिढीत तीनास एक ह्या प्रमाणात खुजे रोप पुन्हा डोके वर काढते. म्हणजे जोडीने असलेले घटक बीजपेशी तयार होताना विलग होतात. हा झाला विलगीकरणाचा नियम. येथे विलग होणे हे पुन्हा नव्याने एकत्र येण्यासाठीच असते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या मित्राला विचारले तर तो काँक्रीटचे सांगू लागतो. काँक्रीट फार उंचावरून ओतले तर जड खडी एकीकडे जाते आणि सिमेंटचा चिखल दुसरीकडे. मग त्या जागी पोकळ्या राहतात व खांब कच्चा होतो. म्हणूनच आपल्या २००० सालच्या भारतीय मानकात दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून काँक्रीट सोडू नये असे म्हटले आहे. त्याच्या लेखी सेग्रिगेशन म्हणजे दोष.

वैद्यकाच्या कपाटात तो उपाय आहे. साथीच्या रोग्याला इतरांपासून दूर ठेवणे हे १८९६-९७ च्या प्लेगमध्ये मुंबई इलाख्याने पाहिले आणि २०२० साली कोरोनाच्या निमित्ताने आपण सर्वांनी 'विलगीकरण कक्ष' ह्या नावाने अनुभवले. नगरपालिकेच्या घंटागाडीपाशी तर तो शब्द सद्गुणच ठरतो. ओला कचरा निराळा आणि सुका निराळा!

भूगोल व समाजशास्त्र यांनी त्याला मोजमाप दिले. डंकन दांपत्याने १९५५ साली मांडलेला निर्देशांक आजही वापरतात. समजा, एका गावात दोन पेठा आहेत. एका जमातीचे शंभर लोक व दुसरीचे शंभर. पहिल्या पेठेत एकीचे ८० व दुसरीचे २०, आणि दुसऱ्या पेठेत नेमके उलट. तर दोन्ही पेठांत समान मिसळण होण्यासाठी कोणत्याही एका जमातीच्या ६० लोकांना घर बदलावे लागेल. म्हणून निर्देशांक ६०. पुढे मॅसी व डेंटन यांनी १९८८ साली दाखवून दिले, की एवढ्याने भागत नाही. वस्ती किती असमान वाटली गेली आहे, दोन गट एकमेकांच्या दृष्टीस किती पडतात, एक गट किती थोड्या जागेत कोंबला आहे, तो शहराच्या मध्यभागी किती दाटला आहे, आणि त्याच्या वस्त्या एकमेकींना किती चिकटून आहेत, अशी पाच परिमाणे त्यांनी सांगितली. आपल्याकडे विथयथिल व सिंग ह्या संशोधकांनी २००१ च्या जनगणनेतील प्रभागवार आकडे घेऊन देशातील सात मोठी शहरे तपासली. त्यांचा २०१२ चा निष्कर्ष असा, की ह्या शहरांतील वस्त्या श्रीमंती-गरिबीपेक्षाही जातीने अधिक विभागलेल्या आहेत. शहरात गेले की जात मागे पडते असे आपण सहज म्हणतो, त्याला हे उत्तर आहे.

अर्थशास्त्राच्या कपाटात शेलिंगचा खेळ आहे. तो घरी करून पाहण्यासारखा आहे. बुद्धिबळाचा पट घ्यावा, त्यावर एक रुपयाची व दोन रुपयांची नाणी कशीही मांडावीत आणि काही घरे मोकळी ठेवावीत. प्रत्येक नाण्याची मागणी इतकीच, की माझ्या शेजाऱ्यांपैकी निदान एकतृतीयांश माझ्यासारखे असावेत. ज्याची मागणी पुरी होत नाही त्याने मोकळ्या घरात जावे. थोड्याच वेळात पटावर रुपयांची आळी आणि दोन रुपयांची आळी वेगळी झालेली दिसते. कोणालाच वेगळे व्हायचे नव्हते, तरी सारे वेगळे झाले! १९७१ साली हे मांडणाऱ्या शेलिंगला पुढे २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

राहिला कायदा. तेथे १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' चालेल म्हटले, आणि १९५४ साली त्याच न्यायालयाने शाळांच्या बाबतीत वेगळे हे समान असूच शकत नाही असा कौल दिला. आपल्या संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांच्या वापराला आडकाठी करण्यास मनाई केली.

कपाटांची उणीव

इतके वाचूनही माझा प्रश्न सुटला नाही. उलट असे वाटले, की ही कपाटेच एकमेकांपासून विलग आहेत. समाजशास्त्राचा विद्यार्थी शेलिंगचा पट मांडीत नाही; वाणिज्य शाखेचा विद्यार्थी सतरावे कलम परीक्षेपुरते वाचतो; आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९१६ चा कोलंबिया विद्यापीठातील निबंध कोणी दाखवीत नाही. वास्तविक त्या निबंधाचा गाभा असा, की गटातल्या गटात विवाह हीच जातीची खरी खूण होय. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१३ साली, प्रिया मूरजानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात ह्या देशातील लोक मोठ्या प्रमाणावर मिसळले आणि नंतर ते मिसळणे थांबून गटांची दारे बंद झाली, असे त्यात दिसले. दोन कपाटांतील दोन ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवले तर केवढा प्रकाश पडतो! दारे अनादी काळापासून बंद नव्हती. ती कोणीतरी कधीतरी लावली.

म्हणून माझ्या अल्पमतीप्रमाणे, अलगतेचे वर्गीकरण विषयवार न करता प्रश्नवार करावे. प्रश्न तीनच. रेघ कोणी ओढली? दाराची कडी आतून आहे की बाहेरून? आणि ज्या कारणासाठी रेघ ओढली ते कारण संपल्यावर रेघ पुसली जाते काय?

चार प्रकार

हे तीन प्रश्न विचारले म्हणजे अलगतेचे चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार उपचारापुरत्या अलगतेचा. साथीचा रोगी चौदा दिवस वेगळा राहतो आणि बरा होऊन घरी येतो. रेघ गरजेने ओढली, गरज संपताच पुसली.

दुसरा प्रकार राखलेल्या अलगतेचा. दुबळा गट आपल्या वाढीसाठी आपणहून वेगळी जागा मागतो. कडी आतून असते. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी मुलींची निराळी शाळा काढली, ती मुलींना कोंडण्यासाठी नव्हे. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात १९०१ पासून शाहू महाराजांनी मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करविली. वरवर पाहता ही विभागणीच होती. पण त्यांचे दार शिक्षणाकडे उघडत होते.

तिसरा प्रकार साचलेल्या अलगतेचा. शेलिंगच्या पटावरची नाणी ती हीच. कोणी हुकूम केला नाही, कोणी पाटी लावली नाही. लहान लहान आवडीनिवडींचा गाळ साचून भिंत झाली.

चौथा प्रकार लादलेल्या अलगतेचा. रेघ एकाने ओढली, किंमत दुसऱ्याने मोजली. कडी बाहेरून. कारण संपले तरी, किंबहुना कारण मुळात नव्हते तरी, रेघ कायम. महाडचे चवदार तळे ह्याच प्रकारात मोडते. १९२७ साली तेथले पाणी हाताने उचलावे लागले तेव्हा कोठे ती रेघ जगाला दिसली.

ह्यातला फरक शाहू महाराजांना किती स्वच्छ दिसत होता पाहा. वेगळी वसतिगृहे काढणाऱ्या त्याच राजाने १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. वसतिगृह वेगळे चालेल, शाळा वेगळी चालणार नाही! वरकरणी विसंगती वाटते. पण कडीचा प्रश्न विचारा, विसंगती उरत नाही. आणि पुढचे पाऊल कोल्हापुरात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी टाकले. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी असे वसतिगृह काढले, की जेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत. राखलेली अलगता तिचे काम झाल्यावर विसर्जित कशी करावी, ह्याचा तो धडा होता.

वेष पालटणारी भिंत

आता मला जे मुख्यत्वे सांगावयाचे आहे ते सांगतो. लादलेली अलगता आपल्या स्वतःच्या नावाने क्वचितच वावरते. ती पहिल्या तिघींचे कपडे घालून येते.

कधी ती वैद्यकाचा अंगरखा घालते; 'स्वच्छतेसाठी हो, दुसरे काही नाही.' जपानमध्ये कुष्ठरोग्यांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा १९९६ पर्यंत टिकला. कुष्ठरोगावर गुणकारी औषध तर १९४० नंतरच्या दशकातच हाती आले होते. रोग बरा होऊ लागला, भिंत बरी झाली नाही. कधी ती राखणदाराचा वेष घेते, 'तुमच्याच सुरक्षिततेसाठी.' मुलींच्या वसतिगृहाला दिवेलागणीला बाहेरून कुलूप लागते आणि मुलांच्या वसतिगृहाला लागत नाही, तेव्हा सुरक्षिततेची किंमत कोण मोजते हे विचारावयास नको काय? २०१५ साली दिल्लीतील विद्यार्थिनींनी हाच प्रश्न रस्त्यावर येऊन विचारला होता.

आणि कधी ती शेलिंगची नाणी पुढे करते. 'आपोआप झाले, कोणाचा दोष नाही.' परंतु आपोआप होऊ शकते म्हणजे आपोआपच झाले असे नव्हे. अमेरिकेतील शहरांत १९३० नंतरच्या दशकात सरकारी संस्थेनेच गृहकर्जासाठी नकाशे रंगविले आणि काळ्या लोकांच्या वस्त्यांवर लाल रंग भरला. तो लाल रंग नाण्यांनी भरला नव्हता. आपल्याकडेही तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत कोणत्या जातीच्या कैद्याने झाडू मारावा आणि कोणत्या जातीच्या कैद्याने स्वयंपाक करावा हे लिहिलेले होते. ते नियम घटनाबाह्य ठरविण्यास ३ ऑक्टोबर २०२४ ही तारीख यावी लागली. पंचाहत्तर वर्षे सतरावे कलम एका कपाटात होते आणि नियमपुस्तिका दुसऱ्या!

आता पुन्हा आमच्या कोनाड्याकडे येऊ. त्या सुटीत मी आज्जीशी वाद घातला. ती प्रथम म्हणाली, "स्वच्छतेचं बघायला नको व्हय?" मी म्हटले, मामांची कपबशी कोनाड्यात उघड्यावर धूळ खाते, तीच जास्त अस्वच्छ. मग ती म्हणाली, "त्यांनाच आत यायला बरं वाटत नाही." मी म्हटले, आपण कधी विचारले? शेवटी ती म्हणाली, "पहिल्यापासून असंच चालत आलंय बाबा." उपचार, आवड आणि आपोआप! तिन्ही वेष माझ्या आज्जीने पाच मिनिटांत बदलून दाखविले. आणि ती तर शाळेचे तोंडही न पाहिलेली बाई. मग शिकल्यासवरल्यांनी किती बदलले असतील!

हे आमच्याच घरी घडते असे कोणी समजू नये. २०११-१२ साली झालेल्या भारत मानव विकास सर्वेक्षणात सुमारे २७ टक्के कुटुंबांनी आपल्या घरी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अस्पृश्यता पाळली जाते असे स्वतःच्या तोंडाने सांगितले. ही कबूल करणाऱ्यांची संख्या आहे. कोनाड्यातली कपबशी ज्यांना दिसतच नाही त्यांची गणती त्यात कशी होणार?

आपल्या आवारात

घरचे झाले, आता महाविद्यालयाचे. आमच्या उपाहारगृहात खिडकीकडच्या टेबलांवर कन्नड आणि भिंतीकडच्या टेबलांवर मराठी, असे गेली तीन वर्षे मी पाहतो आहे. कोणी पाटी लावलेली नाही. प्रवेशाच्या पहिल्या दिवशी ज्याला जो ओळखीचा शब्द ऐकू आला तिकडे तो बसला. ही साचलेली अलगता. हिच्यात गुन्हेगार कोणी नाही. पण म्हणून जबाबदार कोणी नाही असे मात्र होत नाही. हिच्यावर उपाय कायद्याचा नाही, खुर्ची सरकविण्याचा आहे.

हे वार्षिकही दोन विभागांत छापले जाते. अर्धे मराठी, अर्धे कन्नड. ही भिंत कोणत्या प्रकारची? माझ्या मते ही राखलेली अलगता आहे आणि ती हवी. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर सीमाभागातील मराठी मुलाला आपल्या भाषेत चार ओळी लिहून छापून पाहण्याची जागा किती मोलाची आहे हे येथे सांगायला नको. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे हे कलम त्याच वर्षी संविधानात घातले गेले. ही मागणी दार बंद करण्याची नव्हे, उभे राहायला जागा असावी ह्याची आहे.

परंतु आतली कडीही वापरली नाही तर गंजते. आपल्यापैकी किती मराठी वाचक हे वार्षिक उलटवून कन्नड बाजू उघडतात? मी स्वतः दोन वर्षे उघडली नव्हती. ज्या भूमीत मातृभाषा मराठी असलेले द. रा. बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले, ज्या भूमीत बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व पुढे देवासला राहून साऱ्या देशाचे झाले, त्या भूमीतल्या आपण मुलांनी शेजारचे पान वाचू नये, ही केवळ सवय आहे. आणि सवयीचा गाळ साचून काय होते हे वर आलेच आहे.

म्हणून संपादक मंडळास माझी नम्र सूचना आहे, की पुढील अंकापासून मधली चार पाने सामाईक असावीत. मराठी विभागातील दोन लेखांचा सारांश कन्नडमध्ये आणि कन्नडमधील दोन लेखांचा मराठीत तेथे द्यावा. त्याचप्रमाणे भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व जीवशास्त्र ह्या विभागांनी मिळून एखादा अभ्यास हाती घ्यावा. आपल्या शहरात भाड्याने खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याला आडनाव, धर्म किंवा आहार विचारून कोठे कोठे परत पाठविले जाते, एवढा नकाशा काढला तरी पुरे. नकाशा काढणे म्हणजे भिंत पाडणे नव्हे, हे मलाही कळते. पण जी भिंत कागदावर आली ती 'नाहीच' असे म्हणण्याची सोय उरत नाही.

शेवटी कपबशीचे काय झाले, हे वाचक विचारतील. दुसऱ्या दिवशी मी ती कोनाड्यातून काढली, घासली आणि आतल्या फळीवर इतर कपबश्यांत ठेवली. मामांना चहा आमच्या कपातून दिला. त्यांनी तो हातात घेतला, पण प्यायले नाहीत लवकर. आतल्या दाराकडे पाहून हळूच म्हणाले, "राहू द्या की. माझ्यापायी तुमच्या घरात भांडण नको." मी सुटी संपवून शहरात येणार, कामावर उद्या त्यांनाच यायचे. माझ्या सुधारणेची किंमतही तेच मोजणार होते, हे मला तेव्हा प्रथम कळले. दहा गुणांच्या उत्तरात ते कोठेच नव्हते.

निघायच्या दिवशी पाहिले तर कपबशी पुन्हा कोनाड्यात पालथी. आज्जी काही बोलली नाही, मीही नाही. पण ह्या वेळी जाताना मी आज्जीला सांगून ठेवले आहे, की पुढच्या सुटीत मी चहा मामांबरोबर सोप्यातच बसून घेणार, आणि कपबश्या दोन्ही एकाच फळीवरच्या असतील. भांडण व्हायचे तर ते माझ्याशी व्हावे.